महाडकरांच्या पुणेस्वारीची मीमांसा

महाड आणि पोलादपूर या सावित्रीकाठच्या दोन तालुक्यांतील संगीतप्रेमी मंडळी डिसेंबरात ‘सवाई’ ऐकण्यासाठी पुण्यास जातात, या घटनेकडे अभ्यासकांनी आजवर दुर्लक्ष केले आहे आणि ते कदाचित योग्यही असेल. तथापि मनुष्याच्या फुशारकीचे जितके नमुने या स्वारीत एकाच सात आसनी गाडीत बसलेले आढळतात तितके अन्यत्र सहसा आढळत नसल्याने तिची थोडीफार मीमांसा होणे इष्ट वाटते. ‘सवाई’ म्हणजे सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. हे स्पष्टीकरण महाडात कोणी मागत नाही, परंतु न मागता ते देणारा एक गृहस्थ प्रत्येक मंडळीत असतो, आणि या निबंधात ज्याला ‘जाणकार’ म्हटले आहे तो हाच होय. प्रस्तुत लेखकाचा या जाणकाराशी अत्यंत निकटचा, म्हणजे एकाच कातडीत वास करण्याइतका, संबंध असल्याने त्याच्याविषयीची माहिती विश्वसनीय मानण्यास हरकत नाही. निःपक्षपाती मात्र मानू नये.

मंडळीची घडण साधारणपणे ठरलेली असते. जाणकार गाडीत पुढे बसतो, कारण मागे बसल्यास त्याला मळमळते आणि त्याच्या शेजारी बसल्यास इतरांना. त्याच्या मागे खजिनदार, म्हणजे ज्याच्याजवळ वही असते आणि म्हणून ज्याच्याशी सर्वजण जपून बोलतात असा मनुष्य; बाजारपेठेत पिढीजात दुकान असल्यामुळे जी गोष्ट वहीत उतरली नाही ती घडली यावर त्याचा विश्वास बसत नाही, आणि त्याच्या काटेकोरपणाला कोणी हसलेच तर रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १८९६ साली महाडशेजारच्या नाते गावी जन्मले होते, एवढेच तो शांतपणे ऐकवतो. खजिनदाराला लागून खवय्या बसतो. त्याला गाणे आवडते, परंतु दोन गाण्यांच्या मधली वेळ अधिक आवडते. गाडी चालवतो तो मूळचा पोलादपूर तालुक्यातला, आता महाडच्या बाजारात भाड्याने राहणारा एक अबोल गृहस्थ. वयाने तो सर्वांत लहान असूनही त्याला सगळे ‘दादा’ म्हणतात, कारण घाटात गाडी ज्याच्या हाती असते त्याच्याशी आदराने वागावे हे शहाणपण कोकणात फार जुने आहे.

महाडहून पुण्याकडे जाण्यास वरंध आणि ताम्हिणी असे दोन घाट असून, कोणत्या घाटाने जावे हा प्रश्न निघण्याचे ठरते त्या रात्रीपासून गाडी प्रत्यक्ष घाटाला लागेपर्यंत चर्चेत राहतो. वरंध घाट बिरवाडी, वरंध, माझेरी अशी गावे घेत वाघजाईपाशी चढतो आणि पलीकडे हिर्डोशीच्या खोऱ्यात, नीरा देवघर धरणाच्या पाण्याला वळसे घालत घालत भोरकडे उतरतो; एकूण अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर, वळणे मोजण्याची प्रथा नाही. ताम्हिणीचा रस्ता माणगाव-निजामपूरवरून मुळशीकडे जातो, आणि पावसाळ्यात वरंधात दरड आली की सरकारच वाहनांना तिकडे वळवते. दादा कधीकधी तिसरा, आंबेनळी घाट सुचवतो, कारण तो पोलादपूरवरून निघतो. हा घाट महाबळेश्वरला चढत असल्याने स्ट्रॉबेरीच्या आशेने खवय्या त्याला अनुमोदन देतो. जाणकाराचा आग्रह मात्र वरंधाचाच. समर्थ रामदासांनी जेथे दासबोध सांगितला असे परंपरा मानते ती शिवथरघळ या रस्त्यापासून जवळ आहे, कावळ्या किल्ल्याला हा रस्ता मधोमध कापून गेला आहे, आणि या दोन्ही विषयांवर जाणकाराजवळ सांगण्यासारखे बरेच आहे. ताम्हिणीविषयी त्याच्याजवळ काही नाही. मार्ग निवडण्याचा हा निकष सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नियमावलीत बहुधा नसावा, पण गाडी वरंधानेच जाते.

वाघजाईच्या देवळापाशी भज्यांच्या टपऱ्या आहेत आणि माकडे आहेत, आणि दोघांचाही प्रवाशांच्या स्वभावाचा अभ्यास दांडगा आहे. तेथून पुढे मंडळी भोर, कापूरहोळ मागे टाकून सातारा रस्त्याला लागते आणि खेड-शिवापूरच्या सुमारास डाव्या हाताला सिंहगड दिसू लागताच गाडीचा वेग आपोआप कमी होतो. तेथपर्यंत जाणकाराने सह्याद्रीच्या भूरचनेपासून किराणा घराण्यापर्यंत बरीच मजल मारलेली असते. दादा मात्र काच खाली करून एवढेच म्हणतो, ‘आमच्या उमरठचा गडी त्या कड्यावर चढला होता.’ तानाजी मालुसरे पोलादपूर तालुक्यातल्या उमरठचे, त्यांची समाधीही तेथेच आहे, आणि १६७० साली ते सिंहगडावर पडले; ही सगळी माहिती जाणकाराजवळ सनावळीसह तयार असते, परंतु दादाचे ते एक वाक्य झाल्यावर ती कोणी ऐकत नाही. जाणकाराच्या आयुष्यातील अशा अन्यायांची नोंद कोणत्याही वहीत नाही.

‘प्रेक्षणीय स्थळ’ या संज्ञेची व्याख्या येथेच करून ठेवणे सोयीचे होईल. जे स्थळ दुसऱ्याच्या गावात असते व जे पाहण्यासाठी तिकीट किंवा चढण यांपैकी एकाची तरी गरज लागते, ते प्रेक्षणीय होय. महाडच्या अगदी लगत, महामार्गावरून जाता-येता दिसतील अशी गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. त्यांतील एक लेणे कानभोज विष्णुपालित नावाच्या राजकुमाराने कोरवले असे तेथला शिलालेख सांगतो, म्हणजे सावित्रीच्या खाडीतून माल येत-जात होता त्या काळापासून महाडला श्रीमंत आणि धर्मशील माणसांची ये-जा होती. ही लेणी महाडकराने शाळेच्या सहलीत पाहिलेली असतात व त्यानंतर एसटीच्या खिडकीतून. रायगडाची गोष्टही फार वेगळी नाही. पाहुणे आले की त्यांना नातेखिंडीतून गडाच्या रस्त्याला लावून द्यायचे आणि संध्याकाळी ते दमून परत आले की ‘पाहिलंत ना सगळं नीट?’ असे आपणच गड बांधला असल्याच्या सुरात विचारायचे, ही स्थानिक रीत आहे. असा हा महाडकर पुण्यात उतरला रे उतरला की मात्र पर्वतीच्या १०३ पायऱ्या मोजून चढतो, विश्रामबागवाड्याच्या सज्जाखाली मान वर करून उभा राहतो आणि मंडईत मटार स्वस्त की महाग यावरही कुतूहल दाखवतो.

शनिवारवाड्याचा मुद्दा मात्र स्वतंत्र आहे, आणि जाणकाराच्या प्रतिष्ठेचा असल्याने त्याला येथे त्याच्या लायकीपेक्षा जास्त जागा द्यावी लागत आहे. पहिल्या बाजीरावांनी १७३० च्या जानेवारीत या वाड्याचा पाया घातला आणि दोन वर्षांनी वास्तुशांत केली; १८२८ साली लागलेल्या आगीत आतले मजले जळून गेले, त्यामुळे आज पाहणाऱ्यास दिल्ली दरवाजा, तट, जोती आणि कारंज्याचे हौद एवढेच दिसते व उरलेला वाडा ज्याचा त्याने मनात बांधून घ्यावा लागतो. सामान्य पर्यटक मनात मस्तानी बांधतो. जाणकार मनात महाड बांधतो. त्याचा सिद्धांत थोडक्यात असा, की पुण्याची पेशवाई जेव्हा जेव्हा अडचणीत आली तेव्हा तिला महाडची आठवण झाली, आणि अडचण सरताच ती पुण्याला परत गेली.

हा सिद्धांत हास्यास्पद असला तरी निराधार नाही, हीच त्याची मोठी अडचण आहे. तो निराधार असता तर जाणकाराला आवरणे सोपे गेले असते. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव याच वाड्यात वरून कोसळून वारले आणि गादीवर कोणास बसवावे याची ओढाताण सुरू झाली. पुढल्या वर्षी परशुरामभाऊ पटवर्धन आणि दौलतराव शिंद्यांचे कारभारी यांनी धाकट्या चिमाजी आप्पास पेशवा केले, तेव्हा जिवाच्या धास्तीने नाना फडणवीस प्रथम वाईकडे व तेथून घाट उतरून महाडास आले. रायगड त्यांनी ताब्यात ठेवला आणि महाडात बसून पत्रांमागून पत्रे लिहिली. निजामाला खर्ड्याच्या लढाईत गेलेले परत देण्याचे वचन, नागपूरकर भोसल्यांना मुलखाचे, शिंद्यांना आणखी कशाचे, होळकरांना त्यांच्या परीने. ज्याला जे हवे ते त्याला कागदावर मिळाले. निजामाशी ऑक्टोबर १७९६ मध्ये झालेला करार इतिहासात ‘महाडचा तह’ म्हणून ओळखला जातो. डिसेंबर सरण्यापूर्वी विरोधक कैदेत होते, नाना पुण्यात होते आणि दुसरे बाजीराव गादीवर होते. सहा वर्षांनी, ऑक्टोबर १८०२ मध्ये, हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पुणेकरांच्या फौजेचा पराभव केला, तेव्हा हेच बाजीराव सिंहगड, रायगड करीत महाडास आले आणि तेथून सुवर्णदुर्गामार्गे समुद्राने वसईस गेले. वर्षाच्या अखेरच्या दिवशी तेथे त्यांनी इंग्रजांशी जो तह केला त्याचे परिणाम सर्वांना ठाऊक आहेत. जाणकाराच्या मते बाजीराव महाडातच चार दिवस अधिक थांबले असते तर इंग्रजी राज्य आले नसते. ते का थांबले नाहीत यावरही त्याचे एक मत आहे, परंतु ते महाडच्या डासांविषयी असल्याने येथे गाळले आहे.

हे सर्व जाणकार दिल्ली दरवाज्याच्या आत, उघड्या जोत्यावर उभा राहून, हातवारे करीत सांगतो. ज्या स्वारीवर हा निबंध मुख्यतः आधारलेला आहे, त्या स्वारीत हे व्याख्यान खर्ड्याच्या लढाईपर्यंत पोहोचले तेव्हा खवय्या मिसळीच्या शोधात बाहेर पडला होता, खजिनदार सावलीत बसून भज्यांचा हिशेब मांडत होता आणि दादा गाडी उभी केलेल्या ठिकाणी दंड होतो काय ते पाहावयास गेला होता. तथापि श्रोत्यांची संख्या घटण्याऐवजी वाढत गेली, कारण विदर्भाकडून आलेल्या एका कुटुंबाने जाणकारास वाड्याचा वाटाड्या समजून त्याच्याभोवती कडे केले, त्यांचे पाहून दोन महाविद्यालयीन मुले आली, आणि मुलांचे पाहून एक आजी टेकायला जागा मिळाली म्हणून बसल्या. अपमान झाल्यासारखे वाटून घेण्याची ही उत्तम संधी होती. जाणकाराने ती घेतली नाही. उलट त्याने आवाज चढवला, सर्वांना नारायण दरवाज्यापर्यंत नेले, १७७३ सालचा नारायणरावांचा खून योग्य त्या खालच्या पट्टीत सांगितला आणि तेथून पुन्हा महाडकडे वळण घेतले. शेवटी त्या कुटुंबप्रमुखाने ‘छान सांगता हो साहेब तुम्ही’ असे म्हणून पन्नास रुपयांची नोट त्याच्या हातात ठेवली आणि ‘पण तानाजी इथंच पडला ना?’ असा प्रश्न विचारला. नोट जाणकाराने घेतली. प्रश्न अनुत्तरित राहिला.

बाजीराव रस्त्यावरचे राजा दिनकर केळकर संग्रहालय हे या स्वारीतील दुसरे स्थळ, आणि येथे जाणकार गप्प असतो, हे त्याच्या बाजूने सांगण्यासारखे आहे. दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला आणि त्याच्या नावाने त्यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून अडकित्ते, वज्र्या, दिवे, दौती, दरवाजे आणि वाद्ये गोळा केली. वस्तू वीस हजारांहून अधिक आहेत, पण एका वेळी मांडलेल्या असतात त्यांतील थोड्याच. वाद्यांच्या दालनात मोर, मगर असे आकार दिलेल्या तंतुवाद्यांसमोर दादा बराच वेळ थांबला होता. पुरात सापडल्यावर या वस्तूंचे काय होते, हे त्याने मागाहून विचारले. ते संग्रहालय पहिल्या मजल्यावरही आहे, असे खजिनदाराने त्याला गांभीर्याने सांगितले, आणि महाडकरांखेरीज कोणास त्या उत्तराची गंमत किंवा गांभीर्य कळले नसते.

आता मुख्य प्रयोजन. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, हे अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य आणि भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर यांचे गुरू; ते १९५२ साली गेल्यावर भीमसेनांनी १९५३ पासून त्यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला, आणि २०११ मध्ये खुद्द भीमसेन गेल्यावर महोत्सवाच्या नावात त्यांचेही नाव आले. पूर्वी तो रमणबागेच्या मैदानावर रात्र रात्र चाले, श्रोते घोंगड्या पांघरून बसत आणि शेवटच्या दिवशी पहाटे भीमसेन गात. पुढे ध्वनिवर्धकांवर रात्री दहाचे बंधन आले, आणि अलीकडे जागाही बदलून मुकुंदनगरात गेली. जाणकाराने भीमसेनांना रमणबागेत ऐकले आहे ही गोष्ट खरी आहे. मात्र ती सांगताना तो दरवर्षी थोडा थोडा पुढे सरकत आला असून सध्या तो तंबोऱ्याला टेकलेला आहे.

महोत्सवात खुर्ची आणि भारतीय बैठक असे दोन वर्ग असतात. भारतीय बैठक म्हणजे जमिनीवर बसणे. तिचे तिकीट स्वस्त असते, परंतु खऱ्या रसिकाने तेथेच बसावे असा जाणकाराचा दंडक असल्याने मंडळी तो गुडघ्यांच्या किमतीवर पाळते. तेथे बसून करावयाचे मुख्य काम म्हणजे दाद. दाद म्हणजे गायकास आपले गाणे कळले आहे असे श्रोत्याने कळवणे, अशी समजूत आहे. वास्तविक आपल्याला गाणे कळते असे शेजाऱ्यास कळवणे हा तिचा खरा हेतू असतो. दादेचे सर्वांत प्रतिष्ठित स्थान सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, आणि अतिविलंबित एकतालात एक आवर्तन संपावयास पाऊण मिनिटाहून अधिक लागत असल्याने समेची वाट पाहणे हे धीराचे काम आहे. ती नेमकी कधी येणार याची खात्री नसणाऱ्यासाठी जाणकाराने एक पद्धत बसवली आहे: पुढच्या रांगेतील एखादी पिकलेली, अनुभवी मान निवडावी आणि ती हलताच आपली हलवावी. या पद्धतीत दोष नाही. फक्त, वर सांगितलेल्या स्वारीत जाणकाराची मान पाहून खजिनदार मान हलवत होता, खजिनदाराची पाहून मागच्या रांगेतील एक तरुण जोडपे, आणि त्यांच्याही मागे कोणीतरी. आणि ज्या मूळ मानेपासून हा प्रवाह निघाला होता तिचा मालक द्रुत सुरू होताच दचकून जागा झाला आणि त्याने चहा मागितला.

रागाचे नाव निवेदकाने सांगण्याआधी उच्चारू नये, हा जाणकाराचा दुसरा नियम. नाव सांगितले गेल्यावर मात्र ‘तेच’ असे हलकेच म्हणावे.

बैठकीत शेजार महत्त्वाचा असतो. मध्यंतरात शेजारच्या गृहस्थांनी गाव विचारले आणि ‘महाड’ हे उत्तर ऐकून प्रसन्न मुद्रेने अष्टविनायकांपैकी वरदविनायकाची चौकशी केली. तो गणपती खालापूर तालुक्यातल्या महडचा. हे सांगणे जाणकाराला जन्मभर पुरले आहे. मग त्यांना रायगडास जाताना वाटेत कोठेतरी चहा घेतल्याचे स्मरले, मग पूल आठवला, मग पूर. ‘तुमच्याकडेच ना ते सगळं होतं?’ असे ते सहानुभूतीने म्हणाले. त्यांच्या प्रश्नात वाईट काहीच नव्हते. परंतु २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल एसटीच्या गाड्यांसह वाहून गेला तेव्हा, आणि २२ जुलै २०२१ रोजी तळियेची वाडी दरडीखाली जाऊन ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडी येथे डोंगर खाली आला, महाडची बाजारपेठ पाण्यात गेली तेव्हा, दूरदर्शन वाहिन्यांच्या ज्या गाड्या आल्या त्या पाणी ओसरताच गेल्या. आणि उरलेल्या चिखलाला प्रेक्षणीय म्हणता येत नाही म्हणून की काय, तो काढायला आलेल्या स्वयंसेवकांखेरीज नंतर कोणी फारसे फिरकले नाही. ज्या गावाला लोक वाटेत ओलांडतात किंवा बुडताना पाहतात त्या गावच्या माणसाने पुण्यात येऊन समेवर मान हलवण्याचा एवढा अट्टाहास का करावा, याचे थोडेसे उत्तर यात असावे. जाणकाराने त्या वेळी उत्तर दिले नाही. नाना फडणविसांचा विषयही काढला नाही.

उत्तर दिले ते दादाने, आणि तेही शेजाऱ्याला नव्हे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी महोत्सव झाला नव्हता, त्यामुळे २०२२ च्या डिसेंबरातला हा पुरानंतरचा पहिलाच महोत्सव होता. बाजारातल्या तळमजल्यावर दादाच्या पत्र्याच्या दोन पेट्या होत्या आणि त्यांत आकाशवाणीवरून भरून घेतलेल्या भीमसेनांच्या कॅसेट होत्या, हे त्या रात्री मंडळीला प्रथम कळले. पाणी उतरल्यावर त्याने त्या उकलून तपकिरी फिती खिडकीच्या गजांना गुंडाळून वाळत घातल्या होत्या. जाणकाराने लगेच त्याचे सांत्वन केले, की आता ते सगळे मोबाईलवर मिळते, याहून स्वच्छ मिळते.

‘मिळतं की,’ दादा म्हणाला. ‘पण त्यात मधेच आमची आई जेवायला हाक मारत नाही.’

त्यानंतर कोणी काही बोलले नाही, आणि खवय्याने उठून सर्वांसाठी पिठले-भाकरी आणली, जी या निबंधाच्या मते त्या महोत्सवातील सर्वांत नेमकी दाद होय. महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या आवाजातील भैरवीच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेने करण्याची प्रथा आहे. तिच्यात खरखर असते, आणि ती कोणी काढून टाकत नाही.

परतीच्या वाटेवर वाघजाईला दादाने आणखी एक वाक्य उच्चारले व त्यामुळे जाणकाराची मोठी पंचाईत झाली. ते समजण्यासाठी पुढील माहिती आवश्यक आहे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली ठरावाने सर्वांना खुले केलेल्या, परंतु प्रत्यक्षात बंदच राहिलेल्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो सत्याग्रहींसह जाऊन प्राशन केले; तेव्हापासूनच्या परंपरेने दरवर्षी १९ आणि २० मार्चला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसे महाडास येतात, तळ्याभोवती आणि क्रांतिस्तंभाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पुस्तकांची दुकाने आणि मंडप लागतात, आणि रात्रभर पेटी-ढोलकीवर भीमगीते चालतात. वामनदादा कर्डक यांच्यासारख्या कवींनी रचलेली ही गीते गाणारे आणि ऐकणारे लोक संख्येने मुकुंदनगराहून कमी नसतात, बैठक पूर्णपणे भारतीय असते आणि तिकीट नसते. एवढी मोठी मैफल दरवर्षी घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर भरत असताना जाणकार त्या रात्री खिडक्या लावून घेत आला होता, आणि सकाळी ‘आवाज फार होता’ असे म्हणत आला होता. घाट ओलांडल्यावाचून त्याचे कान उघडत नसत.

दादाचे वाक्य होते: ‘मार्चात ये की तळ्यावर. मी असतो.’

‘बसायची काय सोय असते?’ जाणकाराने विचारले.

‘रस्ता असतो.’

त्यानुसार पुढल्या मार्चात जाणकार गेला, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने पाहता त्याची तयारी कामास आली नाही. मान निवडून ठेवण्यास पुढे रांगच नव्हती. दाद देण्यास कोणी थांबत नव्हते, कारण धृपद आले की ऐकणारे सगळेच गात होते, आणि ज्याला शब्द येत नव्हते असा आसपास बहुधा तो एकटाच होता. परभणीकडच्या एका बाईंनी ते ओळखून त्याला टाळीचा ठेका हातवारे करून शिकवला आणि तो चुकला की दर वेळी न रागावता पुन्हा दाखवला. आपण याच गावचे, हे त्यांना सांगण्याचा जाणकाराला मोह झाला होता. कुठून आलात, असे त्यांनीच आधी विचारल्यावर मात्र त्याने ‘इथलाच’ एवढेच म्हटले आणि १७९६ चा उल्लेख टाळला. दादा तिथे होता, पण तो पेटीवाल्याच्या मागे बसून शब्द सांगत होता, हे मंडळीतील कोणालाच आजवर ठाऊक नव्हते.

राहता राहिला हिशेब. डिझेल, टोल, भजी, तिकिटे, पिठले-भाकरी आणि गाडी चुकीच्या जागी उभी केल्याचा दंड या सर्व रकमा खजिनदाराने यथान्याय वाटून वसूल केल्या आहेत. वाद आहे तो शनिवारवाड्यावर मिळालेल्या पन्नास रुपयांचा. स्वारीत झालेली कोणतीही मिळकत सामाईक होय, असे खजिनदाराचे म्हणणे. ते मानधन असून व्याख्यात्याचे वैयक्तिक आहे, असे जाणकाराचे. आणि ज्यांनी व्याख्यान अर्धवट सोडले त्यांचा त्यावर हक्क पोहोचत नाही, पण ज्याने ते मुळीच ऐकले नाही त्याला नुकसानभरपाई कसली द्यायची, असा खवय्याचा उपप्रश्न. नोट जाणकाराने अद्याप जमा केलेली नाही. खजिनदाराने तिच्यावर व्याज लावण्यास आरंभ केला असून, दर आजचा धरावा की चिंतामणराव देशमुखांच्या काळचा, याविषयी मंडळीत दोन तट पडले आहेत.